शेवटचं नाव कुणाचं?

मे महिन्यात दिवेआगरला 'घरगुती राहण्याची सोय' अशी पाटी असलेलं एकही घर रिकामं नसतं. पुळणीवरून परतलेली मंडळी जेवणं होईपर्यंत पडवीतल्या टीव्हीपुढे बसतात. एका संध्याकाळी तिथे 'नारबाची वाडी' हा मराठी चित्रपट लागला होता. पडद्यावर वाडी, पडवीबाहेरही पोफळीची वाडीच. श्रेयनामावलीच्या पाट्या सुरू झाल्या तसा एका गृहस्थांनी आवाज बारीक केला आणि शेजारच्या मुलाला समजावलं, "पहिलं नाव सगळ्यात मोठ्या माणसाचं. मग उतरत जायचं. शेवटची नावं किरकोळ."

हे वाक्य मी थिएटरात, एसटीत, लग्नघरात, सगळीकडे ऐकलं आहे. ते चूक आहे, आणि दर वेळी तितक्याच ठामपणे सांगितलं जातं याचा मला त्रास होतो.

सुरुवातीच्या पाट्यांमध्ये शेवटचं नाव बहुतेक वेळा दिग्दर्शकाचं असतं. त्याच्यानंतर चित्रपट सुरू होतो, म्हणून ती जागा त्याची. अमेरिकेत हा नुसता रिवाज नाही, तर तिथल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने निर्मात्यांशी केलेल्या करारातलं कलम आहे. 1980 साली 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये जॉर्ज लुकास यांनी दिग्दर्शक अर्व्हिन कर्शनर यांचं नाव सुरुवातीला न देता शेवटी दिलं. संघटनेने दंड ठोठावला. लुकास यांनी तो भरला आणि संघटनाच सोडली. आपल्याकडे इतकं कडक कलम नाही, पण दिग्दर्शकाला शेवटची पाटी देण्याची प्रथा मराठी-हिंदीत पक्की रुजलेली आहे.

नटांच्या यादीतही मानाच्या जागा दोन असतात, पहिली आणि शेवटची. 'शोले' पुन्हा लावून पाहा. धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी आणि मग चौथे अमिताभ बच्चन. चित्रीकरण ऑक्टोबर 1973 मध्ये सुरू झालं. 'जंजीर' लागून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' आला तोवर अमिताभची जागा कितीतरी वर गेली होती, पण पाट्यांचा क्रम सहसा ठरतो तो करार होताना. आणि अमजद खान? त्यांचं नाव नटांच्या यादीत अगदी शेवटी, नवा चेहरा म्हणून ओळख करून देत येतं. पडवीतल्या त्या हिशेबाने त्यांनी साकारलेला गब्बर सिंग किरकोळ ठरतो!

नाव कितवं, अक्षर केवढं, पाटी एकट्याची की चौघांत वाटलेली, नावाआधी 'आणि' येणार का, हे सगळं करारात लिहिलेलं असू शकतं. 1974 च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन या दोघांनाही पहिलं स्थान हवं होतं. शेवटी मॅक्वीन यांचं नाव डावीकडे पण खाली आणि न्यूमन यांचं उजवीकडे पण वर लावलं गेलं. डावीकडचं आधी वाचलं जातं, वरचं मोठं वाटतं. दोघांचंही समाधान झालं. काही चित्रपटांत नावं वर्णानुक्रमाने येतात, काहींत पात्रं पडद्यावर येतात त्या क्रमाने. तिथे मानापमानाचा प्रश्नच नसतो. 'अशी ही बनवाबनवी'सारख्या चित्रपटात सचिन पिळगांवकर नटही आहेत आणि दिग्दर्शकही. अशा माणसाचं नाव उतरंडीत नेमकं कुठे बसवायचं?

पाट्या म्हणजे वेळकाढूपणा, हाही समज तसाच. 'शोले'च्या पाट्यांखाली दोन घोडेस्वार स्टेशनापासून रामगढपर्यंत जातात. पाट्या संपतात तेव्हा गावाचा सगळा भूगोल आपल्या डोळ्यांत बसलेला असतो. अमेरिकन डिझायनर सॉल बास यांनी हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' आणि 'सायको'च्या पाट्या केल्या, त्या आज स्वतंत्र कलाकृती म्हणून अभ्यासल्या जातात.

संगणकावर टाइप केलं की पाटी झाली, असंही नाही. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. बारीक शिरोरेषा हलत्या चित्रावर हरवते. संगणकाआधी ही अक्षरं हाताने रंगवून कॅमेऱ्याखाली धरली जात.

चित्रपटाआधी दिसणारा तंबाखूविरोधी संदेशही निर्माता हौसेने लावत नाही. पडद्यावर तंबाखू दिसणार असेल तर सुरुवातीला आणि मध्यावर किमान 30 सेकंदांचा संदेश दाखवणं 2012 पासून सक्तीचं आहे.

त्या संध्याकाळी आवाज बारीक झाला आणि आणखी एक गोष्ट निसटली. कोकणच्या मातीतली वाटणारी नारबाची गोष्ट मुळात बंगाली आहे, मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या नाटकातली. तपन सिन्हांनी 1980 साली त्यावरूनच 'बांछारामेर बागान' केला होता. अशी मूळ लेखकांची नावं ज्या जागी असतात, तीच जागा आपण बोलण्यात घालवतो.

नाव लावणं हा केवळ सौजन्याचा भाग आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेली दुरुस्ती वाचावी. चित्रपटातलं ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला कायदा कलावंत मानत नाही. आपल्या कामाची बदनामीकारक मोडतोड झाली तर हरकत घेणं, एवढाच एक हक्क त्याच्याकडे उरतो. ती यादी पडद्यावर असेपर्यंत टीव्हीचा आवाज बारीक करू नका.