डिझेल ट्रकच्या इंजिनाचे निदान : स्कॅनरची साक्ष आणि तिच्या मर्यादा

डिझेल ट्रकच्या इंजिनास स्कॅनर जोडावा, पडद्यावर उमटलेला सांकेतिक क्रमांक वाचावा आणि त्या क्रमांकाने दर्शविलेला भाग बदलून टाकावा, एवढ्यावर निदानाचे काम संपते असा समज पुष्कळदा आढळतो. हा समज खर्चाचा तर आहेच, पण शास्त्रदृष्ट्याही सदोष आहे. स्कॅनर इंजिन पाहत नाही. इंजिनावर बसविलेल्या संवेदकांनी, म्हणजे सेन्सरांनी, नियंत्रक संगणकास जे कळविले तेवढेच तो वाचून दाखवितो. साक्षीदाराचे म्हणणे आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांत जे अंतर, तेच येथेही आहे.

बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये 'कॅन' ही संदेशवहनाची पद्धती जाहीर केली. तिच्या पायावर जड वाहनांसाठी 'जे १९३९' हा प्रमाणसंकेत रचला गेला. पीळ दिलेल्या दोन तारांवरून इंजिन, गिअरपेटी, ब्रेक यांचे नियंत्रक परस्परांना संख्या पाठवीत असतात. शीतक पाण्याच्या तापमानासाठी एकच बाइट असून तिच्या मूल्यातून ४० वजा केले असता सेल्सियस अंश मिळतात. १३० म्हणजे ९० अंश. वंगणतेलाच्या दाबासाठी मूल्यास ४ ने गुणावे. १०० म्हणजे ४०० किलोपास्कल. २५५ हे मूल्य आल्यास मात्र ते मापन नव्हे. 'माहिती उपलब्ध नाही' एवढाच त्याचा अर्थ. हा भेद न पाळणारे उपकरण थंड इंजिनाचे तापमान २१५ अंश दाखवील!

बिघाडाच्या क्रमांकास दोन मुख्य अंगे असतात. पहिले अंग तक्रार कोणत्या राशीविषयी आहे ते सांगते, दुसरे ती कोणत्या प्रकारची आहे ते. शीतकाच्या तापमानाचा क्रमांक ११०. त्यापुढे ० असल्यास तापमान खरोखरच धोक्याच्या पातळीवर गेल्याचे नियंत्रकाचे म्हणणे असते. ३ असल्यास संवेदकाच्या मंडलातील विद्युद्दाब मर्यादेबाहेर चढलेला असतो. या संवेदकाचा रोध उष्णतेने घटतो. तार तुटली की रोध जणू अनंत होऊन दाब वर जातो. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलण्याने काय साधणार? प्रथम तार तपासावयास हवी.

याहून कठीण प्रसंग म्हणजे क्रमांकच न उमटणे. उष्ण इंजिन निष्क्रिय गतीवर चालत असता तेलाचा दाब समजा २०० किलोपास्कल होता. काही महिन्यांनी तो १८० व पुढे १६० झाला. निर्मात्याने ठरविलेली किमान मर्यादा ओलांडली जात नाही तोवर नियंत्रक गप्प बसतो. बेअरिंगमधील फट वाढत चालल्याची सूचना मात्र या उताराने आधीच दिलेली असते. म्हणून त्याच ट्रकचे, त्याच तापमानाचे व त्याच गतीचे आकडे नोंदवून त्यांची तुलना करणे हीच खरी देखरेख होय. थंड तेल दाट असल्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून पाहणे निरर्थक ठरते. तेलात डिझेल मिसळल्यानेही दाब उतरतो. ही दोन कारणे स्कॅनरला वेगळी करता येत नाहीत, त्यासाठी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' निकष लागू झाल्यावर धुरातील काजळी अडविणारी गाळणीही या देखरेखीत आली. तिच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकावरून काजळीचा अंदाज बांधतात. गाळणी तडकली तर फरक कमी होतो, आणि केवळ 'तुंबली आहे काय' एवढेच पाहणाऱ्यास ती उत्तम स्थितीत भासते.

दुरुस्तीपूर्वीच क्रमांक पुसून टाकण्याची सवय या सर्वांहून घातक आहे. क्रमांकाबरोबर त्या क्षणीची गती, भार व तापमान यांची नोंदही नियंत्रकात साठविलेली असते आणि तीही पुसली जाते. ती आधी उतरून घेतली नसेल, तर भरलेला ट्रक पुन्हा एखाद्या घाटात तापेपर्यंत तपासणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.