निवृत्तिवेतनाचा हिशेब (लेखांक ४) : सत्तराचा भागाकार

मागील लेखांकात आपण सरकारी नोकरांच्या अंशदानाचा, म्हणजे ज्यापायी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशा घोषणा देत मोर्चे येतात त्या प्रश्नाचा, विचार केला. परंतु ज्या शहरातील एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ सालीच कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला, त्याच शहराच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीस उतारवयात जे काही निवृत्तिवेतन मिळावयाचे, ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतूनच मिळते.

या योजनेत वेतनाच्या ८.३३ टक्के मालकाच्या हिश्श्यातून आणि १.१६ टक्के केंद्र सरकारकडून जमा होतात. वेतनाची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपयांची. अखेरच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावे, की मासिक निवृत्तिवेतन निघाले. सूत्र स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, आणि दप्तरी न्यायाचे समाधान एवढ्यावरच होते.

आता १४,००० रुपये वेतनाचे दोन कामगार घ्या. पुरुषाची सेवा ३० वर्षे. वीस वर्षे पुरी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास दोन वर्षे वाढवून मिळतात, सबब त्याची ३२ धरून दरमहा ६,४०० रुपये होतात. त्याच्याबरोबरच रुजू झालेली स्त्री सात वर्षांनी विवाहामुळे नोकरी सोडते, मुले आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण यांत अकरा वर्षे घालवून परतते व पुढे बारा वर्षे काम करते. तिची वर्षे १९. वीस न भरल्याने वाढीव दोनही गेली, आणि हाती आले ३,८००. गैरहजेरी अकरा वर्षांची, कपात मात्र तेरांची!

हेही तिने पहिल्या सात वर्षांचा पैसा काढून घेतला नसेल तरच. घेतला असल्यास उरतात बारा वर्षे आणि २,४०० रुपये. शिवाय १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत इतरांस पैसे काढण्यापूर्वी दोन महिने थांबण्याची अट घालून, विवाहासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीस मात्र त्यातून सूट दिलेली होती. सवलत म्हणून दिलेली ही सूट म्हातारपणाची पुंजी मांडवखर्चाच्या वाटेस लावणारी ठरली, असे माझे स्पष्ट मत आहे.

विडी वळणाऱ्या स्त्रियांची गोष्ट याहून बिकट. घरी बसून काम करणाराही कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मान्य केले. तथापि अंशदान मजुरीवर आणि मजुरी हजार विड्यांवर. ठेकेदाराने नापसंत ठरवून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी नाही, तेव्हा तिच्यावरचे अंशदानही नाही. पान, तंबाखू नि बोटे मात्र तितकीच झिजलेली असतात. सूत्राने येणारी रक्कम इतकी क्षुल्लक, की २०१४ साली ठरलेल्या १,००० रुपयांच्या किमान निवृत्तिवेतनाचाच आधार.

मुलांपायी खंडित झालेल्या सेवेवर उपाय मात्र आहे. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक अपत्यामागे संगोपनाची तीन वर्षे अंशदान भरल्याप्रमाणे निवृत्तिवेतनात धरली जातात. आपल्याकडे निदान मुलाच्या पहिल्या तीन वर्षांपुरती ही तरतूद करणे सरकारच्या १.१६ टक्क्यांच्या हिश्श्यात थोडी भर घालून शक्य व्हावे.

तोवर ज्या भगिनी दहा वर्षांच्या आत नोकरी सोडीत असतील, त्यांनी दहा-सी नमुन्यात रक्कम न मागता योजना-प्रमाणपत्र मागावे. त्या दाखल्यावर मागील सेवा पुढील नोकरीत जोडली जाते. अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचा विचार पुढील लेखांकात.