लुकलुकत्या दिव्याचा मान

रुग्णवाहिका दाराशी आली, स्ट्रेचर आत सरकले, की बहुतेक घरांतून चालकाला एकच विनंती होते: "दादा, सायरन लावा आणि जोरात घ्या." या विनंतीमागची तळमळ मी जाणतो, इतक्या वर्षांच्या व्यवसायात ती किती वेळा ऐकली याची गणती नाही. परंतु छतावरचा तो लुकलुकणारा दिवा कायद्याने नेमका कशासाठी दिला आहे, हे ठाऊक असलेली माणसे क्वचितच भेटतात. ज्यांच्या घरी वयोवृद्ध आहेत, त्यांनी तरी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे गाडीवरचा दिवा म्हणजे प्रदीर्घ काळ मानमरातबाची खूण होती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिवा मोजक्या उच्च घटनात्मक पदांपुरता मर्यादित ठेवण्यास सांगितले, आणि १ मे २०१७ पासून तर राष्ट्रपती-पंतप्रधानांसह सर्वांच्याच गाड्यांवरून तो उतरला. लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा उरला तो अग्निशमन, पोलीस, सैन्य व निमलष्करी दले आणि आपत्ती निवारण यांच्या कामावरील वाहनांसाठी. रुग्णवाहिकेला जांभळ्या काचेच्या लुकलुकत्या दिव्याची मुभा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर निळे आणि लाल-निळे दिवेही सर्रास दिसतात; पण मुभा देताना नियमाने रुग्ण वाहून नेणारे वाहन असे म्हटले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे मान रुग्णाच्या निकडीचा आहे, गाडीचा नव्हे. क्रेनवर किंवा रस्तादुरुस्तीच्या वाहनावर दिसणारा पिवळसर दिवा याहून वेगळा. तो वाट मागत नाही; पुढे काम चालू आहे, सावकाश या, एवढेच सांगतो.

वाहन चालवण्यासंबंधीच्या २०१७ च्या नियमावलीत या दिव्याचा अधिकार आणि त्याची मर्यादा दोन्ही आहेत. जीव वाचवणे, प्रकृतीची गंभीर हानी टाळणे, आग रोखणे अशा निकडीच्या वेळी चालक सिग्नल ओलांडू शकतो, वेगमर्यादेपलीकडे जाऊ शकतो. पण इतरांच्या सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेऊनच. वाट न देणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. एवढी मोठी सवलत आणि एवढी कडक शिक्षा ज्या दिव्यापाठी उभी आहे, तो विनाकारण लावणे किती अनुचित, हे वेगळे सांगायला नको.

आणि निकड प्रत्येक वेळी नसते. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, धाप लागून ओठ निळे पडणे, न थांबणारा रक्तस्राव, बेशुद्धी या अवस्थांत मिनिटामिनिटाला मोल आहे. उलट, घसरून पडल्याने खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना, त्या शुद्धीवर असतील, नाडी व रक्तदाब ठीक असेल, तर वेग नको असतो. प्रत्येक गतिरोधकावर त्यांच्या वेदनेला धार चढते. त्यांना स्थिर आणि सावकाश नेणे हाच उपचाराचा भाग. डायलिसिसची ठरलेली फेरी किंवा रुग्णालयातून घरी परतणे यांना सायरनचे काही कारण नाही. शिवाय तो कर्कश आवाज आत झोपलेल्या माणसालाही ऐकू येत असतो. आधीच भेदरलेल्या वृद्धाच्या छातीत त्याने अधिकच धडधडते. आपले काही खरे नाही, असे त्याला वाटू लागते. म्हणून सायरन हवा की नको, हे सोबतच्या डॉक्टरांवर किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्यावर सोपवावे. आपल्या राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेच्या गाडीत डॉक्टर असतात, ते यासाठीही.

रिकामी रुग्णवाहिका कोंडी चुकवण्यासाठी सायरन लावते, शववाहिका दिवे फिरवीत जाते, हे आपण सारेच पाहतो. त्याची किंमत मागून येणारा खरा रुग्ण मोजतो. "आत कोणी नसेलच" अशी शंका एकदा मनात शिरली की पुढचा मोटारचालक बाजूला व्हायला क्षणभर रेंगाळतो. भाड्याने गाडी ठरवताना कोणी "सायरन लावून नेऊ" असे आमिष दाखवले, तर ते नम्रपणे नाकारावे.

आता थोडे वयस्कर वाचकांच्या डोळ्या-कानांविषयी. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते; तरुणाला झगझगीत भासणारा निळा दिवा सत्तरीतल्या माणसाला मंद दिसू शकतो. मोतीबिंदू असल्यास रात्री तोच दिवा डोळ्यांपुढे पसरतो, अंतराचा अंदाज चुकतो. कानांचेही तसेच: उंच स्वर आधी हरपतात, आणि आवाज कोणत्या दिशेने येतो हे उमगत नाही. काचा बंद, आत गाणी चालू, मग तर विचारूच नका. म्हणून पासष्टीपुढे गाडी चालवणाऱ्यांनी आरशात वरचेवर पाहण्याची सवय ठेवावी. दिवा दिसताच भर रस्त्यात ब्रेक दाबू नये. इशारा देऊन डावीकडे सरावे, वेग कमी करावा, गाडी पुढे गेली तरी लगेच मध्ये येऊ नये, कारण तिच्या मागे दुसरी असू शकते. सिग्नलला उभे असताना गोंधळून चौकात घुसणे धोक्याचे. पायी असाल तर पदपथ सोडू नका, "तेवढ्यात पलीकडे जाऊ" हा मोह आवरा.

रुग्णवाहिकेमागे दुचाकी लावून सिग्नल तोडत जाणारे नातेवाईक हा माझ्या काळजीचा विषय आहे. सवलत पुढच्या गाडीला आहे, मागच्या मुलाला नाही. चौकातील लोक एक गाडी गेलेली पाहून पुन्हा सुरू होतात आणि हा मध्ये सापडतो. एका घरातले दोन रुग्ण एकाच रात्री दाखल झालेले मी पाहिले आहेत. रुग्णाजवळ एकाच शांत माणसाने बसावे. बाकीच्यांनी रुग्णालयाचे नाव नीट विचारून घेऊन नेहमीच्या वेगाने यावे.

खरा वेळ वाचतो तो गाडी येण्यापूर्वी. जिन्यातील दिवे लावावेत, फाटक उघडे ठेवावे, वळणावर एकाला उभे करावे, औषधांची यादी आणि जुनी फाइल हाताशी असावी. पक्षाघाताचा संशय असेल, तर रुग्ण शेवटचा ठीकठाक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि रुग्णालयात पहिला प्रश्न त्या वेळेचाच विचारला जातो.