अमेरिकेतील समलिंगी विवाहाची कायदेशीर मान्यता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्व ५० राज्यांत समलिंगी विवाहाला २६ जून २०१५ पासून कायदेशीर मान्यता आहे. त्यापूर्वी सुमारे अकरा वर्षे ही मान्यता राज्यागणिक वेगळी होती. एका राज्यात विवाहित असलेले जोडपे दुसऱ्या राज्यात गेल्यावर कायद्याच्या दृष्टीने अविवाहित ठरू शकत असे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत विवाहाची वयोमर्यादा, परवाना, नोंदणी व घटस्फोट यांविषयीचे कायदे परंपरेने राज्ये करतात. मात्र संघीय कर, सामाजिक सुरक्षा व परदेशी नागरिकांचे स्थलांतर हे विषय संघीय शासनाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे वैवाहिक हक्कांचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी दोन्ही पातळ्यांवरील मान्यता आवश्यक ठरते.

१९९३ मध्ये हवाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारण्यासाठी राज्याने सबळ कारण सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय दिला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९९६ मध्ये विवाह संरक्षण कायदा संमत झाला. या कायद्याने संघीय पातळीवर विवाहाची व्याख्या एक पुरुष व एक स्त्री यांच्यापुरती मर्यादित केली. तसेच अन्य राज्यांत झालेले समलिंगी विवाह नाकारण्याची मुभा राज्यांना दिली.

राज्यनिहाय मान्यता

मॅसॅच्युसेट्स राज्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १७ मे २००४ पासून समलिंगी विवाह होऊ लागले. पुढे राज्यांनी तीन वेगवेगळे मार्ग अनुसरले:

* न्यायालयीन निर्णय : आयोवा (२००९)
* विधिमंडळाचा कायदा : व्हरमाँट (२००९), न्यूयॉर्क (२०११)
* सार्वमत : मेन, मेरीलँड व वॉशिंग्टन (२०१२)

याच काळात अनेक राज्यांनी आपल्या संविधानात दुरुस्ती करून असे विवाह निषिद्ध केले. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये न्यायालयाने दिलेली मान्यता त्याच वर्षीच्या सार्वमताने रद्द झाली. ती २०१३ मध्ये पुन्हा प्रस्थापित झाली.

विंडसर खटला

एडिथ विंडसर व थिया स्पायर यांनी २००७ मध्ये कॅनडात विवाह केला होता. स्पायर यांच्या निधनानंतर विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर इतका संघीय वारसा कर भरावा लागला. विवाहाला संघीय मान्यता असती तर हा कर लागला नसता. २६ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कायद्यातील विवाहाची व्याख्या घटनाबाह्य ठरवली. तथापि राज्यांतील बंदी कायम राहिली.

ओबर्गफेल खटला

जेम्स ओबर्गफेल व जॉन आर्थर हे ओहायोचे रहिवासी होते. आर्थर दुर्धर आजाराने अंथरुणास खिळलेले असताना त्यांनी २०१३ मध्ये मेरीलँडमध्ये विवाह केला. ओहायो या विवाहास मान्यता देत नसल्याने आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ओबर्गफेल यांची पती म्हणून नोंद होणार नव्हती. या प्रकरणासोबत मिशिगन, केंटकी व टेनेसी येथील खटल्यांचीही एकत्र सुनावणी झाली. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी विवाह हा चौदाव्या घटनादुरुस्तीने संरक्षित मूलभूत हक्क असल्याचे ठरवले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. हा प्रश्न न्यायालयाने नव्हे, तर राज्यांतील जनतेने लोकशाही मार्गाने सोडवावा, असे मत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी भिन्नमतपत्रिकेत मांडले.

२०२२ चा कायदा

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ओबर्गफेल निकालाचाही फेरविचार करण्याचे सुचवले. त्यानंतर विवाह सन्मान कायदा संमत झाला व १३ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने १९९६ चा कायदा रद्द केला आणि अन्य राज्यांत वैधरीत्या झालेले विवाह मान्य करणे संघीय शासन व राज्ये यांना बंधनकारक केले. मात्र समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना देण्याची सक्ती तो राज्यांवर करत नाही. ते बंधन आजही ओबर्गफेल निकालावरच आधारलेले आहे.