विझल्या चुलीची राखण



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक आटोपली, हिशोबाच्या वह्या मिटल्या आणि चहा यायचा होता. तेवढ्यात एका मावशींनी विचारलं, "ते जपानमधलं अणुवीज केंद्र 2011 साली फुटलं ना? मग अजून साफ कसं होत नाही? आपल्याकडे पूर आला तर महिन्याभरात आपण घरातला गाळ काढतो, भिंती पुसतो, चूल पेटवतो."

प्रश्न अगदी बरोबर होता. सांगता सांगता चहा गार झाला, तरी उत्तर पुरं झालं नाही. म्हणून आजचं बोलणं त्याच प्रश्नावर.

चूल विझते, निखारे राहतात

अणुवीज केंद्र म्हणजे शेवटी पाणी उकळायची मोठी चूल. पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरावर चक्र फिरतं आणि वीज तयार होते. फरक आहे तो जळणात. इथे लाकूड नाही, कोळसा नाही. युरेनियमच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या धातूच्या लांब नळ्यांमध्ये भरलेल्या असतात. युरेनियमचा अणू फुटला की उष्णता निघते. या चुलीला म्हणायचं अणुभट्टी.

आता भाकऱ्या झाल्यावर आपण लाकडं मागे ओढतो. जाळ थांबतो, पण निखारे धगधगत असतात. त्यावर दूध ठेवलं तर तेही तापतं. अणुभट्टीचं तसंच आहे. बटण दाबून अणू फुटणं थांबवता येतं. पण आधी फुटलेल्या अणूंचे जे तुकडे उरतात, ते आपोआप उष्णता सोडत राहतात आणि किरणंही सोडत राहतात. चुलीतले निखारे सकाळपर्यंत राख होतात. हे निखारे वर्षानुवर्षं गरम असतात. म्हणून बंद केलेल्या भट्टीतसुद्धा पाणी सतत फिरवत ठेवावं लागतं.

11 मार्च 2011 ला दुपारी जपानच्या पूर्व किनाऱ्यावर फार मोठा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची या केंद्रात सहा भट्ट्या होत्या. त्यातल्या तीन चालू होत्या. भूकंप होताच त्या आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, पण डिझेलवरची जनित्रं सुरू झाली आणि पंप चालू राहिले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. साधारण 50 मिनिटांनी समुद्राची प्रचंड लाट आली. केंद्राजवळ ती 14-15 मीटरपर्यंत चढली. बहुतेक जनित्रं इमारतींच्या तळघरात होती, ती बुडाली. पंप थांबले.

पुढचं तुम्हीही सांगाल. भांड्यातलं पाणी आटलं आणि खाली निखारे तसेच. जळण तापून वितळलं. नळ्यांचा तापलेला धातू आणि वाफ यांच्यातून हायड्रोजन वायू तयार झाला. 12 मार्चला पहिल्या भट्टीच्या इमारतीत स्फोट झाला, 14 ला तिसऱ्या आणि 15 ला चौथ्या. चौथी भट्टी तर दुरुस्तीसाठी बंदच होती. शेजारच्या तिसऱ्या भट्टीतला वायू नळांमधून तिच्या इमारतीत शिरला होता.

करपलेली काहील

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना माहीत आहे, काहिलीतला पाक करपला तर तळाला दगडासारखा बसतो. आता समजा, त्या पाकात झाराही वितळला, काहिलीचा तळही वितळला आणि सगळं मिळून खालच्या चुलवाणात उतरलं. तीन भट्ट्यांच्या पोटात तसंच झालंय. जळण, धातू, काँक्रीट यांचा मिळून सुमारे 880 टन लगदा तिथे घट्ट बसलाय.

त्याच्याजवळ माणसाला जाता येत नाही. किरणं इतकी तीव्र आहेत की थोडा वेळ थांबलं तरी जीव जाईल. म्हणून यंत्रमानव आत पाठवतात. तेही सगळे परत येत नाहीत. 2015 मध्ये पहिल्या भट्टीत आणि 2017 मध्ये दुसऱ्या भट्टीत पाठवलेलं यंत्र आतच अडकलं, ते तिथेच सोडून द्यावं लागलं.

मग तिथे रोज करतात काय? तीन कामं: लगदा गार ठेवायचा, त्यातलं काही बाहेर सांडू द्यायचं नाही आणि जमेल तसं थोडं थोडं उचलायचं.

पाण्याचं न संपणारं काम

गार ठेवायला पाणी ओततात. ते लगद्याला लागलं की दूषित होतं. त्यात डोंगराकडून समुद्राकडे वाहणारं भूजल फुटक्या तळघरांत शिरतं, वरून पाऊस पडतो. सुरुवातीला रोज सुमारे 400 टन भूजल आत यायचं. एक टन म्हणजे हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा. असे 40 टँकर नको असलेलं पाणी, रोज!

ते अडवायला चार इमारतींभोवती जमीन गोठवून बर्फाची भिंत केली. सुमारे दीड किलोमीटर लांब आणि 30 मीटर खोल. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, कारण खारं पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही. त्याच तत्त्वावर जमिनीत नळ पुरून त्यातून उणे 30 अंशांचं क्षारयुक्त पाणी फिरवतात. 2016 पासून ही भिंत गोठवायला लागले. विहिरींतून उपसा केला, जमिनीवर लेप दिला. या सगळ्यांमुळे आत येणारं पाणी बरंच कमी झालं, पण थांबलेलं नाही.

साठलेलं पाणी गाळतात. ती गाळण यंत्रणा 62 प्रकारची किरणोत्सर्गी द्रव्यं पकडते. ट्रिटियम मात्र तिला पकडता येत नाही. कारण ट्रिटियम पाण्यात विरघळलेलं नसतं, ते पाण्याचाच भाग झालेलं असतं. दुधातलं पाणी आपण गाळून काढू शकत नाही ना, तसंच. असं गाळलेलं पाणी हजाराहून जास्त टाक्यांत साठत गेलं. साठा 13 लाख टनांवर गेला, म्हणजे आपले एक लाख तीस हजार टँकर.

जागा संपत आली, तेव्हा हे पाणी समुद्राच्या पाण्यात भरपूर मिसळून, एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडायचं ठरलं. 24 ऑगस्ट 2023 ला सुरुवात झाली. एका लिटरमागे ट्रिटियमची मर्यादा 1500 बेकरेल ठेवली आहे. बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं माप. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी 10,000 ही पातळी धरलेली आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही तपासून सांगितलं की माणसावर आणि पर्यावरणावर याचा परिणाम नगण्य असेल.

तरीही तिथले मासेमार नाराज होते. 2015 मध्ये त्यांना लेखी सांगितलं होतं की तुम्हाला समजावल्याशिवाय पाणी सोडणार नाही. आकडे कितीही बरोबर असले तरी दिलेला शब्द मोडला असं माणसाला वाटलं की मासळी बाजारात कोण घेणार, हाच घोर लागतो. झालंही तसंच. पाणी सोडताच चीनने जपानची मासळी घेणं बंद केलं.

आणि गाळणीत अडकलेलं कुठे गेलं? ते डबाबंद करून ठेवलंय. या कामात कचरा नाहीसा होत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन बसतो आणि त्याची राखण करावी लागते.

चिमूटभर काढलं

उचलायचं काम आधी सोप्या बाजूने सुरू केलं. प्रत्येक इमारतीत वरच्या बाजूला एक हौद आहे, त्यात वापरलेलं जळण पाण्यात बुडवून ठेवतात. चौथ्या इमारतीच्या हौदात 1535 जुडगे होते. मोडक्या इमारतीला शेजारून पोलादी सांगाडा उभारून, एकेक जुडगा पाण्याखालीच पेटीत भरून, 2014 च्या अखेरीस सगळे बाहेर काढले. तिसऱ्या इमारतीतले 566 जुडगे 2021 मध्ये काढून झाले.

खरी परीक्षा त्या करपलेल्या लगद्याची. नोव्हेंबर 2024 मध्ये, अपघातानंतर तेरा वर्षांनी, दुसऱ्या भट्टीतून पहिला तुकडा निघाला. मासे धरायच्या लांब गळासारखं यंत्र आत सरकवून तो उचलला. वजन किती? ग्रॅमपेक्षाही कमी. 0.7 ग्रॅम. सोनाराकडे एवढ्या वजनात नाकातली मुरणी होईल. एप्रिल 2025 मध्ये आणखी 0.2 ग्रॅम काढलं. आत आहे 880 टन.

हे हसण्यासारखं नाही. तो लगदा किती कठीण आहे, कशाचा बनलाय, कशाने कापायचा, हे त्या चिमटीवरूनच ठरणार आहे. 2051 पर्यंत सगळं आवरायचं असं सरकारने ठरवलंय. पण तिसऱ्या भट्टीतला लगदा मोठ्या प्रमाणावर काढायला 2037 च्या आधी सुरुवात होणार नाही, असं 2025 मध्ये कंपनीनेच सांगितलं.

नुसतं झाकून ठेवलं तर?

मावशींनी हेही विचारलं होतं. तसं केलेलं ठिकाण आहे, युक्रेनमधलं चेर्नोबिल. तिथली भट्टी 26 एप्रिल 1986 ला फुटली. काही महिन्यांत तिच्यावर पोलाद आणि काँक्रीटचं आवरण चढवलं. घाईतलं ते आवरण पुढे जीर्ण झालं. मग 2016 मध्ये त्याच्यावर 108 मीटर उंचीची पोलादी कमान रुळांवरून सरकवून बसवली, शंभर वर्षं टिकेल अशी. फेब्रुवारी 2025 मध्ये युद्ध चालू असताना एक ड्रोन आदळला आणि त्या कमानीला भोक पडलं. झाकण कितीही भक्कम असलं तरी बाहेरचं जग शंभर वर्षं शांत राहील याची हमी कोण देणार? आतला लगदा कधीतरी काढावाच लागणार.

बायांनी काय केलं

चेर्नोबिलचं एक दुःख आपल्या गोठ्याशी येऊन भिडतं. स्फोटातून उडालेलं किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडलं, गाईच्या पोटात गेलं, दुधात उतरलं. लोकांना वेळेवर सांगितलं नाही. लेकरांनी ते दूध प्यायलं आणि पुढे हजारो मुलांना गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. नुसतं काही आठवडे ते दूध देऊ नका, एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं.

फुकुशिमात दूध आणि भाजीपाला लवकर थांबवला. पण दीड लाखांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. किरणांच्या थेट माऱ्याने तिथे लगेच कुणी दगावलं नाही. मात्र धावपळीत हलवलेले आजारी, म्हातारे, छावण्यांत खंगलेले असे दोन हजारांवर लोक गेले. शेतांवरची वरची माती खरवडून काढली आणि साठवली. ती 2045 पर्यंत जिल्ह्याबाहेर नेऊ, असा कायदा केलाय. सीझियम नावाचं जे द्रव्य मातीत बसलं, ते 30 वर्षांनी निम्मं होतं आणि 60 वर्षांनी पाव उरतं. तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी आजी होईल, तरी पाव हिस्सा शिल्लक.

आणि खरं सांगायलाही उशीर झाला. जळण वितळलंय, हे कंपनीने दोन महिन्यांनी मान्य केलं. तो शब्द मुद्दाम टाळला होता, ही लपवाछपवी होती, अशी कबुली 2016 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिली.

विश्वास उडाला तेव्हा जवळच्या इवाकी शहरातल्या काही आयांनी 2011 मध्येच 'ताराचिने' नावाने स्वतःची तपासणी केंद्राची सोय उभी केली. शास्त्रज्ञ नव्हत्या त्या. यंत्रं मिळवली, वापरायला शिकल्या. परसातली भाजी, शाळेच्या मैदानाची माती, मासळी, पाणी कुणीही घेऊन यावं आणि त्यांनी मोजून आकडा सांगावा. आकडा चांगला आला तरी सांगायच्या, वाईट आला तरी. मनातली भीती त्यांनी काट्यावर ठेवून मोजली.

आपल्याला याचं काय?

आपल्या राज्यात पालघर जिल्ह्यात तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून आहे. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारख्याच, वाफ थेट भट्टीत बनवणाऱ्या, जुन्या काळच्या. रत्नागिरीत जैतापूरला नवं केंद्र उभारायचं घाटतंय आणि तिथल्या लोकांनी त्याला विरोधही केलाय. अणुवीज हवी की नको, हे मी आज सांगणार नाही. धूर नसलेली वीज तिच्यातून मिळते, हेही खरं. पण चूल कुठलीही असो, ती कोण आवरणार हे पेटवायच्या आधी विचारावं, हे आपल्याला घरात कुणी शिकवावं लागत नाही.

अशा केंद्राच्या आसपास राहणाऱ्या मैत्रिणींनी एवढं लक्षात ठेवा. इशारा मिळाला तर घरात जावं, दारं-खिडक्या लावाव्यात, पाणी आणि अन्न झाकावं, गुरांना झाकलेला चारा द्यावा, रेडिओ चालू ठेवावा. गाव सोडायचं की नाही, हे सूचना आल्यावरच. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. त्या फक्त थायरॉइड वाचवतात, बाकी शरीर नाही.

आता पुढच्या बैठकीत बोलायला तीन प्रश्न देते:

1. आपल्या गावाजवळ कुठलाही कारखाना किंवा केंद्र आहे का? त्याच्या आणीबाणीच्या आराखड्यात आपल्या गावाचं नाव आहे का, हे ग्रामसभेत कोणी विचारलंय?
2. गाव रिकामं करायची वेळ आली तर अंथरुणावरचे म्हातारे, बाळंतीण, अपंग माणूस यांना कोण, कशातून नेणार?
3. आपल्या विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलं? अहवाल गटात कुणी वाचून दाखवला?

त्या मावशींना मी शेवटी एवढंच म्हटलं, की पुराचा गाळ आपण ओढून टाकतो, कारण त्याला हात लावता येतो. हा गाळ असा आहे की त्याची राखण लेकीने करायची, नातीने करायची. मावशी म्हणाल्या, "मग नातीला आत्तापासून सांगायला हवं." तेच आज केलं.

नमस्कार. पुढच्या बुधवारी भेटू.