ट्रॉल्यांच्या मधून फटफटी घालू नका

सभासद बंधूंनो, गाळप हंगामात उमरखेड-पुसद रस्त्यावर कारखान्याच्या फाट्याला ट्रॅक्टरांच्या दोन रांगा लागल्या की फटफटीवाले मधल्या फटीतून निघतात. ती फट फसवी असते. डावीकडे वळताना ड्रायव्हर आधी जरा उजवीकडे घेतो. आपल्याला वाटते, वाट मिळाली. पण जोडट्रॉलीतली मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत कापत येते अन् फटफटी चाकाखाली सापडते. बाहेर आलेल्या उसामुळे ड्रायव्हरला बाजूचे दिसत नाही, टेप लावला असला तर हॉर्नही ऐकू येत नाही. तेव्हा मागेच थांबा. दोन मिनिटांत तोडीवरचा ऊस काही पळून जात नाही! मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट मागे बसणारालाही लागते. ट्रॉलीवाल्या सभासदांनी मोळ्या बाजूला लोंबू देऊ नयेत व मागे रिफ्लेक्टर लावावा.