सुलिव्हन : नाव मोठं, पण लक्षण?

बॉस्टनच्या जॉन एल. सुलिव्हनला हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला बादशहा म्हणतात. खरंच तेवढा भारी होता का?

८ जुलै १८८९, मिसिसिपीतलं रिचबर्ग. रणरणतं ऊन, उघड्या मुठी, समोर जेक किलरेन. ७५ फेऱ्या, दोन तास सोळा मिनिटं! (उघड्या मुठींच्या लढतींच्या नियमांत कुणी खाली पडलं की फेरी संपायची, हे ध्यानात घ्या.) ४४व्या फेरीत गडी भडाभडा ओकला, तरी हटला नाही. शेवटी किलरेनच्या माणसांनीच हार मानली. दमसासाला सलाम!

पण पुढची तीन वर्षं पठ्ठ्याने किताब पणाला लावलाच नाही. नाटकाचे दौरे करत फिरला. कृष्णवर्णीयांशी लढणार नाही, हे तर जाहीरच केलेलं. त्यामुळे पीटर जॅक्सनसारखा तगडा मुष्टियोद्धा आपोआप बाजूला. त्याच जॅक्सनशी १८९१मध्ये जिम कॉर्बेट ६१ फेऱ्या लढला, निकाल लागला नाही. १८९२मध्ये न्यू ऑर्लिन्सला कॉर्बेटने सुलिव्हनला २१व्या फेरीत आडवं केलं.

जिगर शंभर नंबरी, पण कीर्ती जरा फुगवलेलीच. जॅक्सनशी गाठ पडली असती, तर मी पैज जॅक्सनवरच लावली असती.